चार घोड्यांचे दाम

चिकित्सक : बुद्धिबळाच्या संचाचे काम साधे आहे. बत्तीस मोहरे चौसष्ट घरांवर स्थिर उभे राहावेत आणि घोडा कोणता, उंट कोणता, हे बसल्या जागेवरून कळावे. टिटवाळ्याच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानातला तीन-चारशे रुपयांचा प्लास्टिकचा संच हे काम बिनतक्रार करतो. गुंडाळून ठेवायचा पट त्याच पिशवीत मिळतो, मोहरा हरवला तर दुसरा संच आणणेही परवडते, आणि कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकलमध्ये मांडीवर डाव मांडायचा तर चुंबकाचा छोटा संच त्याहून सोयीचा. जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, स्पर्धांसाठी मोहऱ्यांची मापे ठरवून देतो : राजा साडेनऊ सेंटिमीटर, वजीर साडेआठ, उंट सात, घोडा सहा, हत्ती साडेपाच, प्यादे पाच. मोहरे लाकडाचे असावेत किंवा प्लास्टिकचे, दोन्ही त्याच्या लेखी चालतात. असे असताना हाताने घडवलेल्या लाकडी संचाला वीस-पंचवीस हजार मोजावे लागतात आणि नामांकित पेढीचा शिक्का असेल तर आकडा लाखाच्या घरात जातो. खेळात त्याने काय भर पडते? सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये सुरू केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळात घडलेले खेळाडू असोत किंवा २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख असो, त्यांच्या खेळाची उंची मोहऱ्यांच्या लाकडावर ठरलेली नाही. शंभरपट किमतीचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

रसिक : हिशेब लाकडापासून मांडावा लागतो, कारण लाकूड म्हटले की डोळ्यांपुढे सागवान येते आणि इथेच पहिला गैरसमज होतो. टिटवाळ्यापासून मुरबाड-शहापूरकडे गेले की सागाला तोटा नाही. दारे, खिडक्या, पलंग यांना सागासारखे लाकूड नाही. पण मोहऱ्याला ते चालत नाही. सागाची छिद्रे मोठी, रेषा ठळक. पाच सेंटिमीटरच्या प्याद्याच्या गळ्यावर जी बारीक कड यावी लागते ती सागात तुटते. त्यातल्या वाळूसारख्या कणांनी हत्याराची धारही लवकर बसते. मोहऱ्याला हवे असते घट्ट, बारीक पोताचे लाकूड, ज्यात रेषा जवळजवळ दिसू नये आणि काढलेली कड काचेसारखी राहावी. पांढऱ्या बाजूसाठी जगभर नाव आहे बॉक्सवुडचे. आपल्याकडे त्याचा हिमालयी भाऊबंद जम्मूच्या राजौरी भागात ‘चिक्री’ म्हणून ओळखला जातो. तिथे त्याच्या कंगव्या-चमच्यांचा जुना धंदा आहे. हे झाड फार सावकाश वाढते आणि त्याचा बुंधा कधीच दांडगा होत नाही. सह्याद्रीच्या रानातही या कामाचे लाकूड आहे. काळ्या कुड्याचे लाकूड हस्तिदंतासारखे पांढरे निघते, चन्नपट्टणची खेळणी त्याचीच होतात. हेदाचे पिवळसर लाकूड फण्यांना आणि गिरणीच्या बॉबिनांना वापरले जाई. पण कुडा म्हणजे मनगटाएवढा, फार तर मांडीएवढा बुंधा.

काळ्या बाजूची अडचण याहून मोठी. शिसव मिळते, पण ते जांभळट तपकिरी. खरा काळा रंग आबनुसाचा. आपल्या टेंभुर्णीच्या, म्हणजे ज्याच्या पानांची विडी वळतात त्या झाडाच्या, पोटात असाच काळा गाभा असतो. पण तो वेडावाकडा, आणि भोवती फिक्या लाकडाचा जाड थर. मोहऱ्याच्या मापाचा निर्दोष काळा तुकडा निघेलच याचा भरवसा नाही. म्हणून उंची संचांचे आबनूस बहुतेकदा आफ्रिकेतून येते. ते इतके जड की पाण्यात टाकले तर बुडते. किमतीचा पहिला मोठा भाग असा झाडाच्या वाढीत आणि त्याच्या दुर्मीळपणात आहे.

चिकित्सक : हा भाग दिसतो तेवढा मोठा नाही. अख्ख्या संचाला लागणारे लाकूड एका पिशवीत मावते. आबनूस किलोला कितीही महाग धरले तरी त्यातून पंचवीस हजार उभे राहत नाहीत. शिवाय काळा रंग हवा असेल तर तो चढवता येतो. पांढऱ्याच लाकडाला काळे करून अर्ध्या किमतीत विकले जाणारे संच बाजारात आहेत, आणि दोन हातांवर बसलेल्या खेळाडूला फरक कळत नाही. दुर्मीळपणाची गोष्ट तर जपून सांगावी. टेंभुर्णीचे झाड ठाणे जिल्ह्यात कुणाला दुर्मीळ वाटत नाही. तिचे पान विकले जाते आणि लाकूड चुलीत जाते. हस्तिदंताचे उदाहरण तर ताजे आहे. दुर्मीळ म्हणून तो महाग, महाग म्हणून हवाहवासा, आणि हवाहवासा म्हणून हत्ती मेले. शिसवाच्या कुळातल्या झाडांवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने आली ती याच चालीमुळे. झाड सावकाश वाढते हे किमतीचे कारण असेल, पण अभिमानाचे कारण कसे होईल?

रसिक : रंगवलेला संच आणि आबनुसाचा संच लांबून सारखे दिसतात हे खरे. चार-पाच वर्षे रोज खेळले की रंग आधी घोड्याच्या नाकावरून आणि प्याद्याच्या डोक्यावरून उडतो, कारण बोटे तिथेच लागतात. पण तो गौण मुद्दा. लाकडाचा खरा खर्च ते विकत घेण्यात नसतोच. तो वाया जाण्यात आणि वाट पाहण्यात असतो. ओले लाकूड कातले की मोहरा आठवड्यात लंबगोल होतो, आबनूस तर तडकतेच. म्हणून चौकोनी ठोकळे पाडायचे, त्यांची टोके मेणाने बुजवायची, म्हणजे पाणी टोकाकडून भराभर न जाता सगळीकडून सारखे जाईल, आणि ते सावलीत रचून ठेवायचे. महिने जातात, आबनुसाला वर्षेही लागतात. त्या काळात पैसा मांडणीवर पडून असतो. मग ठोकळे तपासले की कुणाला भेग, कुणाला गाठ, कुणात फिकी रेघ. चांगला कारखाना जे फेकतो ते गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही, पण त्याची किंमत त्याच्याच बिलात असते.

त्यात मोहऱ्याच्या बुडात शिसे भरतात. बुड जड असले की मोहरा हाताच्या फटक्याने आडवा होत नाही. घड्याळावरच्या डावात, शेवटच्या मिनिटाला, याचा उपयोग कळतो. पण लाकूड ऋतूप्रमाणे आकसते-फुगते आणि शिसे मात्र तसेच राहते. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात दारे कशी फुगून चौकटीत अडकतात हे टिटवाळ्यातल्या जुन्या घरांना सांगायला नको. तसाच दमट हवेत केलेला मोहरा परदेशात हिवाळ्यात गरम केलेल्या कोरड्या खोलीत गेला की शिशाभोवती आकसतो आणि बुडाशी उभी चीर पडते. संचाच्या तक्रारींत ही तक्रार जुनी आणि नेहमीची. तिच्यावर उपाय यंत्राने होत नाही. लाकूड मुरलेले हवे, शिशाभोवती किंचित मोकळीक ठेवायला हवी, आणि ती किती हे हाताला माहीत हवे.

चिकित्सक : मुरवणे आणि मोकळीक या दोन्ही गोष्टी मान्य. पण यातले हाताचे काम कोणते? लाकूड मुरवायला हात लागत नाही, वेळ लागतो. उरलेल्या कामाचा इतिहास पाहिला तर ‘हाताने घडवलेला’ या शब्दांतच विसंगती दिसते. आज ज्या घाटाला जगभर मान्यता आहे तो १८४९ मध्ये लंडनमध्ये नेथॅनिएल कुक यांच्या नावे नोंदला गेला, जॅक्स या पेढीने तो बाजारात आणला आणि त्या वेळचा नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टाँटन याचे नाव त्याला दिले गेले. हा घाट लोकप्रिय होण्याचे मोठे कारण असे की त्यातले जवळजवळ सगळे लेथवर कातता येते. त्याआधीचे मोहरे नाजूक, उंच, पडणारे आणि देशादेशांत वेगळे असत. हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या साहेबांसाठी बंगालच्या बहरामपूरसारख्या ठिकाणी हस्तिदंताचे अंबारीवाले हत्ती, घोडेस्वार, शिपाई कोरले जात. ते दिवाणखान्यात मांडायला. रोजच्या खेळाचे देशी मोहरे तेव्हाही साधे कातलेलेच असत. म्हणजे बुद्धिबळाच्या मोहऱ्याची वाटचाल कोरीवकामाकडून कातकामाकडे, महागाकडून स्वस्ताकडे झाली. (मराठी माणूस अजून किल्ल्याच्या बुरुजाला हत्ती म्हणतो आणि पाद्र्याच्या टोपीला उंट, ही त्या वाटचालीतली गंमत. मोहरा विलायती झाला, नाव देशीच राहिले.)

आता कातकामाचा गुण कोणता, तर सारखेपणा. सोळा प्यादी सोळा जुळ्यांसारखी हवीत. एक प्यादे केसभर उंच असेल तर ते गुण नव्हे, खोट आहे. हा सारखेपणा संगणकावर चालणारे यंत्र हातापेक्षा जास्त चोख देते आणि दमत नाही. गालिच्यात हाताची चूक दिसली तर तिला सौंदर्य म्हणता येते. प्याद्यात तशी सोय नाही. म्हणजे इथे कारागीर जितका कुशल तितका त्याचा हात अदृश्य, आणि पूर्ण कुशल झाला की तो यंत्राच्या बरोबरीला पोचतो. यंत्राच्या बरोबरीचे काम यंत्राच्या शंभरपट भावाने का घ्यायचे?

रसिक : आक्षेप बिनतोड आहे, पण अठ्ठावीस मोहऱ्यांपुरता. प्यादे, हत्ती, उंट, वजीर, राजा लेथवर निघतात. उंटाची तिरपी चीर, हत्तीचे कंगोरे, वजिराच्या मुकुटाची टोके, राजाचा क्रूस ही वरची कामे करवत-कानशीने होतात. घोडा मात्र कातता येत नाही. त्याला आस नाही. उजवी बाजू डावीचे प्रतिबिंब आहे, पण पुढची मागचीसारखी नाही, आणि लेथला फक्त गोल कळते. लाकूड कातणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात, आणि कातारीचे काम घोड्याच्या बुडापाशी संपते. वरचे डोके वेगळ्या ठोकळ्यातून, वेगळ्या माणसाने काढायचे. आधी करवतीने बाजूचा आकार, मग पटाशीने गाल आणि मान, मग अरुंद हत्यारांनी आयाळ, कान, नाकपुडी, दात, डोळा. शेवटी बुडावर बसवून सांधा दिसणार नाही असा घासायचा. लाकडाची रेषा मानेच्या दिशेने धरली नाही तर कान पहिल्याच पडण्यात मोडतो. मोठ्या कारखान्यांत घोडे करणारे कारागीर वेगळेच असतात, आयुष्यभर दुसरे काही करत नाहीत. साधा घोडा तासाभरात हातावेगळा होतो. बारीक कामाच्या घोड्याला दिवस लागतो, कधी जास्त. आणि असे चार हवेत : दोन काळे, दोन पांढरे, एकमेकांचे सख्खे भाऊ वाटणारे. १८४९ च्या घाटातला घोडा ब्रिटिश म्युझियममधल्या पार्थेनॉनच्या शिल्पातल्या घोड्यावरून घेतला असे सांगतात. ते काही असो, त्या घाटात लेथला शरण न गेलेला मोहरा हा एकच. जाणकार संच हातात घेतला की राजाकडे पाहत नाही, घोडा उचलतो.

टिटवाळ्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. महागणपतीचे गाव, आणि आसपास कल्याणपर्यंत दर श्रावणात मूर्तींचे कारखाने भरलेले. मूर्तीचे अंग साच्यातून निघते, हात जोडले जातात, रंग फवाऱ्याने बसतो. डोळ्यांची आखणी मात्र कारखान्यातला जुना हात करतो. गिऱ्हाईक मूर्ती निवडताना सोंडेचे वळण पाहत असेल, मखरात मावेल की नाही हे पाहत असेल, पण ठरते ते डोळ्यांवर. अंग साच्याचे आहे म्हणून ‘सगळेच साच्याचे’ असे कुणी म्हणत नाही. घोडा हे बुद्धिबळाच्या संचाचे डोळे आहेत.

चिकित्सक : उपमा चांगली आहे आणि तीच उलटते. आखणी उत्तम आहे म्हणून शेजारच्या मूर्तीच्या शंभरपट भाव कुठला कारखानदार सांगत नाही. दीडपट सांगेल, ओळखीच्या घरी दुप्पट. शिवाय हाताचे काम जर चार घोड्यांतच असेल तर सरळ व्यवहार असा : अठ्ठावीस मोहरे यंत्राचे, चार हाताचे, आणि किंमत त्या प्रमाणात. पण विकणारा ‘हस्तनिर्मित’ हा शब्द बत्तीसही मोहऱ्यांवर चिकटवतो. अलीकडे वर दोन जादा वजीरही देतात, प्यादे शेवटच्या घरात पोचले तर हाताशी असावेत म्हणून, आणि त्यांचेही दाम धरतात. देशी डावात प्यादे ज्या घरात पोचे त्या घराचा मोहरा होई. तिथे हा खर्च निघालाच नसता.

याहून अवघड प्रश्न सावंतवाडी विचारते. तिथल्या चितारी मंडळींचे लाकडी काम तीनशे वर्षांच्या परंपरेतले मानले जाते. लेथवर कातायचे, त्यावर लाखेचा रंग चढवायचा, किंवा पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळे-भाज्या करून इतकी हुबेहूब रंगवायची की पाहुणा आंबा उचलून पाहतो. त्यात कातणे आहे, रंगकाम आहे, घोड्याच्या आयाळीइतकी नजर आहे. त्या आंब्याची किंमत काय? काही शे रुपये. तेच कौशल्य, तेच तास, तोच दमट कोकणी पावसाळा. फरक इतकाच की आंबा खेळणे म्हणून विकला जातो आणि मोहरा ‘संग्रहणीय’ म्हणून. हाताचे मोल एकच असते तर दोन्हींना सारखा भाव यायला हवा होता. तो येत नाही. त्यावरून दिसते की भाव हाताला नसून नावाला आणि गोष्टीला आहे. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या जुन्या मोहऱ्यांपैकी हरवलेला एक १९६४ मध्ये एडिंबराच्या एका व्यापाऱ्याने ५ पौंडांना घेतला होता. त्याच्या घरात तो तसाच पडून राहिला. तो लुईसचा आहे हे ओळखल्यावर २०१९ मध्ये लिलावात त्याला ७,३५,००० पौंड आले. तो वॉलरसच्या दाताचा होता, लाकडाचा नव्हे, पण मुद्दा तोच. ५५ वर्षांत त्यावर कुणी एक टवकाही काढला नव्हता.

रसिक : लुईसचा मोहरा बाजूला ठेवावा लागेल. ती पुरावस्तू आहे, आणि पुरावस्तूची किंमत इतिहासाची असते, कारागिरीची नव्हे. नवा संच आणि जुना संच यांच्या किमती एका वाक्यात आणल्या की दोन्ही चुकीच्या दिसतात.

सावंतवाडीचे उदाहरण मात्र बाजूला ठेवता येत नाही. त्याचे अर्धे उत्तर ‘संच’ या शब्दात आहे. आंबा एकटा विकला जातो. तो शेजारच्या आंब्यासारखा नसला तरी चालतो, उलट नसलेलाच बरा. मोहरा एकटा विकला जात नाही. सोळातले एक प्यादे फुटले की ते लाकूड, तो रंग, ते माप पुन्हा जुळवावे लागते, आणि वेगळ्या झाडाचे पांढरे लाकूड सहसा जुळत नाही. म्हणून चांगला कारखाना एका संचाचे पांढरे मोहरे शक्यतो एकाच ओंडक्यातून काढतो. याचा दाखला सावंतवाडीतच आहे. तिथल्या दशावतारी गंजिफात दहा रंग आणि १२० गोल पाने, सगळी हाताने रंगवलेली. पानांची पाठ एकसारखी नसेल तर खेळ मोडतो, कारण प्रतिस्पर्ध्याला पान पाठीवरून ओळखता येते. म्हणून हाती गंजिफाचा संच छापील पत्त्यांच्या कितीतरी पट महाग असतो आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. खेळाच्या वस्तूत सारखेपणा ही शोभा नव्हे, नियम आहे. हाताने सारखेपणा आणणे हे यंत्राने आणण्यापेक्षा अनेकपटींनी कष्टाचे आहे, आणि ते कष्ट खरे आहेत, फळ यंत्रासारखेच दिसले तरी.

चिकित्सक : कष्ट खरे आहेत, पण कष्ट म्हणजे मोल नव्हे. विहिरीचे पाणी नळ असताना पोहऱ्याने काढले तर कष्ट खरेच असतात. नळाच्या पाण्यापेक्षा त्याला जास्त दाम कोण देईल? गंजिफाला यंत्राचा पर्याय नाही, कारण छापील दशावतारी गंजिफा म्हणजे वेगळीच वस्तू. प्याद्याला पर्याय आहे आणि तो तंतोतंत आहे. उत्तराचा उरलेला अर्धा भाग कोणता?

रसिक : उरलेला अर्धा भाग विकणाऱ्याच्या पत्त्यात आहे, आणि तो रसिकाला फारसा सुखाचा नाही. आजच्या उंची लाकडी संचांपैकी पुष्कळ पंजाबात, अमृतसरला तयार होतात. तिथे हस्तिदंत कोरणारी घराणी होती. वन्यजीव कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आयात आफ्रिकी हस्तिदंतही बंद. ती बोटे लाकडाकडे वळली. दातात घोडा कोरणाऱ्याला बॉक्सवुडमध्ये तो कोरणे अवघड गेले नाही. दातातली बारकाई लाकडात आली, आणि जगातला मोठा गिऱ्हाईकवर्ग त्यांच्याकडे आला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली. टाळेबंदीत घरी बसलेल्या युरोप-अमेरिकेत अचानक लाकडी संचांना मागणी आली आणि जिथे आठवड्यात माल जाई तिथे महिनोन्‌महिने थांबा सांगितला जाऊ लागला. संच अमृतसरला घडतो, भाव मात्र लंडन आणि न्यूयॉर्कच्या खिशाला पाहून ठरतो. मधे निर्यातदार, जहाज, जकात, परदेशी पेढी, तिचे छायाचित्रकार, चामड्याची पेटी, आणि बुडाला चीर पडली म्हणून परत आलेल्या मालाचा तोटा. सावंतवाडीचा आंबा चितारी आळीतून थेट पर्यटकाच्या पिशवीत जातो. तो स्वस्त आहे याचे एक कारण त्याचा रस्ता आखूड आहे हे आहे.

चिकित्सक : म्हणजे शेवटी एवढेच निघाले की गिऱ्हाईक जे जास्तीचे मोजतो त्यातले पुष्कळ रस्त्यातच जिरते. घोडा कोरणाऱ्या हातापर्यंत पोचते ते थोडके. मग ‘हस्तनिर्मित म्हणून महाग’ हे वाक्य उलटे वाचावे लागेल. महाग विकता यावे म्हणून ते हस्तनिर्मित. हाताचे काम ही किमतीमागची सबब झाली, कारण नव्हे.

रसिक : पूर्ण उलटे वाचले तर एक गोष्ट सुटते. सबब म्हणून का होईना, हाताला काम मिळते. किंमत यंत्राच्या पातळीवर आणली तर पहिले जाईल ते आबनूस नव्हे, चामड्याची पेटीही नव्हे. जाईल घोडा. यंत्र घोडाही कोरते आता, त्रिमितीय नमुन्यावरून. जवळून पाहिले तर त्याची आयाळ गुळगुळीत लाटांची असते, नाकपुडी म्हणजे खड्डा, आणि चारही घोडे एकाच दिशेने एकच भाव घेऊन पाहतात. खेळायला तो पुरेसा आहे. पण आयाळीची रेघ एका झटक्यात ओढणारा हात दहा-बारा वर्षांत घडतो, आणि शिकणाऱ्या पोराला त्या वर्षांत कुणीतरी पोसावे लागते. महाग संच घेणारा माणूस नकळत त्या शिकाऊ पोराच्या वर्षांचे पैसे देतो. चिकित्सकाने म्हटले तसे त्यातले बरेच वाटेत जिरते, हे नाकारता येणार नाही. पण वाट बंद केली तर उरलेलेही पोचणार नाही.

चिकित्सक : वाट बंद करायची नाही, तिचा हिशेब हवा आहे. त्यासाठी एक साधी खूण तपासता येईल. जॅक्सच्या जुन्या संचांत राजाच्या बुडावर पेढीचे नाव असते. राजाकडच्या घोड्यावर आणि हत्तीवर छोटा मुकुट ठोकलेला असतो, वजिराकडच्या घोड्या-हत्तीपासून तो वेगळा कळावा म्हणून. म्हणजे मोहऱ्यावर शिक्का मारायला जागा आहे, आणि मारायची पद्धतही आहे. पेढीचे नाव आले, बाजूची खूण आली. ज्याने घोडा कोरला त्याचे नाव मात्र संचावर शोधून सापडणे कठीण. किमतीचे खरे कारण तो हात असेल तर बुडाखालच्या मखमलीवर त्याचे नाव लिहायला शाई किती लागते?

रसिक : नाव लिहिले तर संच आणखी महाग होईल. ओळखीच्या हाताचा घोडा म्हणून त्याच्यामागे संग्राहक लागतील, आणि तो पैसा कदाचित या वेळी त्या हातापर्यंत जाईल. चित्रकाराचे असेच झाले, सतारीच्या कारागिराचेही. मिरजेच्या तंतुवाद्यांवर कारागिराच्या घराण्याचे नाव असते आणि गवई ते पाहून वाद्य घेतो.

चिकित्सक : आणि मग गिऱ्हाईक पुन्हा नावच विकत घेईल, ज्याची तक्रार इतका वेळ चालली आहे. ते असो. मिरजेच्या सतारीत भोपळा निवडण्यापासून जव्हारीपर्यंतचे काम एका घराण्याच्या नावाखाली येते. संचात कामाची फोड वेगळी आहे. घोड्यावर नाव घालता येईल, कारण घोडा पाहून हात ओळखता येतो. ज्या कातारीने सोळा प्यादी अशी कातली की एकातही त्याचा हात दिसू नये, त्याचे नाव कुठे घालायचे?

रसिक : प्याद्याखाली जागा घोड्याइतकीच आहे.

चिकित्सक : जागा आहे. ते नाव वाचून कोण जादा पैसे देईल, एवढेच विचारायचे होते.